फाइव्ह-अ‍ॅक्सिसवर पहिला जॉब लावण्याआधी टेबलाचं केंद्र स्वतः मोजा

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये पहिलं फाइव्ह-अ‍ॅक्सिस, म्हणजे पाच अक्षांवर चालणारं, मशीन आलं तेव्हा मी सात वर्षं व्हीएमसीवर (तीन अक्षांच्या उभ्या मिलिंग मशीनवर) सेटर होते. जी-कोड (मशीनच्या आज्ञा) तोंडपाठ, डायल लावायला हात बसलेला. वाटलं, तीन अक्षांना अजून दोन जोडले, एवढंच. पहिल्याच महिन्यात अ‍ॅल्युमिनियमच्या एका हाउसिंगने हा समज काढून टाकला. त्याच्या समोरासमोरच्या भिंतींत बेअरिंगचे दोन बोअर होते, एका रेषेत हवे असलेले. टेबल ९० अंश कलवून एक बोअर केला, मग टेबल १८० अंश फिरवून दुसरा. दोन्ही मापात, फिनिश सुरेख. सीएमएमवर (मापं घेणाऱ्या मशीनवर) ठेवले तर दोन्हींच्या केंद्रांत ०.०४ मिमीचा फरक. ड्रॉइंगवर ०.०२ ची मुभा. नऊ जॉब गेले.

दोन दिवस आम्ही चुकीच्या जागी शोधत होतो. प्रोग्रॅमरने पोस्ट (टूलचा मार्ग मशीनच्या कोडात बदलणारा भाग) तपासला, मी कटर बदलला, होल्डर बदलला, बोअरिंग बार बदलला. शेवटी सर्व्हिस इंजिनिअरला फोन केला. त्यांचा पहिलाच प्रश्न: "ताई, टेबलाचं सेंटर शेवटचं कधी मोजलं?" मी एकदाही मोजलं नव्हतं. कंट्रोलमध्ये (मशीन चालवणाऱ्या संगणकात) भरलेलं केंद्र आणि टेबल ज्याभोवती खरोखर फिरतं ते केंद्र, यांत ०.०२ चं अंतर पडलेलं होतं. टेबल उलटं फिरलं की तीच चूक जॉबच्या दुसऱ्या बाजूला जाते, म्हणून जॉबवर ती दुप्पट दिसते.

व्हीएमसीवर आपण जॉबचा कोपरा पकडून जी ५४ (जॉबचं शून्य) भरतो आणि काम सुरू करतो. मशीनची स्वतःची भूमिती तिथे फारशी आड येत नाही. फाइव्ह-अ‍ॅक्सिसवर कंट्रोलला दोन गोष्टी कळाव्या लागतात: जॉब कुठे आहे आणि फिरणारे अक्ष कुठे आहेत. पहिली तुम्ही रोज सांगता. दुसरी कोणीतरी कधीतरी भरून ठेवलेली असते आणि तिच्यावर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवतात. व्हीएमसीवरून नव्याने इकडे येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे, म्हणून सगळ्यात जास्त जागा त्या दुसऱ्या गोष्टीलाच देते.

केंद्र कसं मोजायचं

आमचं मशीन ट्रनियन टेबलाचं आहे. ए अक्षावर टेबल पाळण्यासारखं कलतं, सी अक्षावर स्वतःभोवती फिरतं, स्पिंडल कायम उभा. तुमच्याकडे हेड कलणारं मशीन असेल तर खालची मोजणी जशीच्या तशी चालणार नाही, पण विचार तोच.

मोजण्याआधी मशीन गरम करा. स्पिंडल आणि पाचही अक्ष निदान वीस मिनिटं फिरू द्या. टेबल कापडाने पुसा, मग तळहात फिरवून बघा. हाताला लागणारी एक चिपसुद्धा पुढचं सगळं माप खोटं पाडते.

प्रोब (स्पर्शाने माप घेणारं साधन) असेल तर टेबलावर कडेच्या बाजूला एक मास्टर गोळा चुंबकाने बसवा. तो मधोमध नसला तरी काही बिघडत नाही. सी ० वर गोळ्याचं केंद्र एक्स आणि वायमध्ये मोजा. सी १८० वर पुन्हा मोजा. दोन्ही एक्सची बेरीज भागिले दोन, दोन्ही वायची बेरीज भागिले दोन: हे सी अक्षाचं खरं केंद्र. मग ए +९० आणि ए -९० वर गोळ्याचं केंद्र वाय आणि झेडमध्ये मोजा आणि तशीच निम्मी बेरीज काढा. हे ए अक्षाचं केंद्र. तुमचं टेबल एकाच बाजूला कलत असेल तर तीन कोनांवर मोजून त्या तीन बिंदूंमधून जाणाऱ्या वर्तुळाचं केंद्र काढावं लागतं. सीमेन्सच्या कंट्रोलवर सायकल ९९६ आणि हायडेनहाइनवर किनेमॅटिक्सऑप्ट हे काम स्वतः करतात. तरी एकदा वही-पेन घेऊन हाताने कराच. आकडा कुठून आला हे माहीत असलं की तो चुकीचा आला तर लगेच खटकतो.

प्रोब नसेल तरी अडत नाही. सी अक्षासाठी टेबलाचा मधला बोअर डायलने सी ० वर आणि सी १८० वर पकडा, बाकी हिशोब तोच. ए अक्षासाठी टेबलाचा माथाच वापरा. ए +९० ला टेबल उभं राहतं, तेव्हा एज फाइंडरने (कड शोधायच्या साधनाने) माथ्याला वायमध्ये स्पर्श करा. मग ए -९० ला दुसऱ्या बाजूने करा. दोन्ही आकड्यांचा मध्य म्हणजे अक्षाचा वाय. दोन्हींमधल्या फरकाच्या निम्म्यातून फाइंडरची त्रिज्या वजा केली (अक्ष माथ्याच्या वर असेल तर मिळवली) की टेबलाचा माथा अक्षापासून किती लांब आहे ते कळतं. ए ० वर माथ्याचा झेड घेऊन त्यात हे अंतर धरलं की अक्षाचा झेड मिळाला. अंतर मिळवायचं की वजा करायचं, हे अक्ष माथ्याच्या वर आहे की खाली यावर ठरतं. टेबल कलताना बाजूला उभं राहून एकदा डोळ्यांनी बघा आणि मगच चिन्ह लिहा. चिन्हाची चूक मोठी असते आणि ती थेट स्पिंडलला भोवते.

आकडे कंट्रोलमध्ये भरण्याआधी जुने आकडे वहीत उतरवा. फरक ०.०१ च्या आत असेल तर मी हात लावत नाही. फरक अचानक ०.०५ किंवा त्याहून जास्त आला तर आकडा बदलून मोकळं होऊ नका. मशीन कुठेतरी ठोकलं गेलं असेल आणि आधीच्या शिफ्टने सांगितलं नसेल, तर ते आधी विचारा. रागावून विचारलं तर कोणी सांगत नाही, हा माझा अनुभव आहे.

मोजून झालं की एक ठोकळा कापून पडताळा घ्या. मी अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा लावते. ए ९० वर सी ० ला एक बाजू आणि सी १८० ला समोरची बाजू, दोन्ही मध्यापासून २० मिमीवर. मायक्रोमीटरवर ४०.०० यायला हवेत. ४०.०३ आले तर ए अक्षाच्या केंद्रात किंवा सी अक्षाच्या वायमध्ये मिळून ०.०१५ ची चूक आहे. जाडी बरोबर आली पण दोन्ही बाजूंनी मारलेली भोकं समोरासमोर जुळत नसतील, तर चूक सी अक्षाच्या केंद्रात आहे. आमच्या भागात सुट्टी गुरुवारी असते, म्हणून हा ठोकळा दर शुक्रवारी सकाळी कापला जातो. त्या पहिल्या नऊ जॉबनंतर हा नेम मी एकदाही मोडलेला नाही.

गारवा आणि उष्णता

अ‍ॅल्युमिनियम दर मीटरला दर अंश सेल्सियसला साधारण २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद त्याच्या निम्म्याने. ३०० मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा जॉब १० अंशांनी गरम झाला तर जवळजवळ ०.०७ मिमी वाढला. डिसेंबरच्या सकाळी सात वाजता आणि मे महिन्याच्या दुपारी तीन वाजता पत्र्याच्या शेडमध्ये तोच प्रोग्रॅम वेगळं माप देतो, तो यामुळे. माप २० अंशांना धरायचं असतं. त्यामुळे कूलंटमधून काढलेला जॉब लगेच मोजू नका, गेजच्या शेजारी थोडा वेळ ठेवा.

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा मनापासून करतो. हळद-कुंकू दारावर आणि पॅनेलच्या चौकटीवर लावतो. टेबलावर आणि स्पिंडलच्या टेपरमध्ये मात्र कुंकवाचा कणही जाऊ देत नाही, हार स्पिंडलला घालत नाही. दसऱ्याच्या सुट्टीनंतर मशीन पूर्ण गार झालेलं असतं, तेव्हा वॉर्मअपला नेहमीच्या दुप्पट वेळ द्या.

जॉब उंच, टूल आखूड

नवे सेटर व्हाइस (शिकंजा) थेट टेबलावर बसवतात. मग ए ९० ला स्पिंडलचं नाक टेबलाच्या कडेला जाऊन भिडतं, आणि ते टाळायला लांब टूल लावतात. इथेच फाइव्ह-अ‍ॅक्सिसचा फायदा हातचा जातो. टूल किती वाकेल हे बाहेर आलेल्या लांबीच्या घनावर ठरतं. ६० मिमीऐवजी ९० बाहेर काढलं तर ते तिप्पटीहून जास्त वाकतं. म्हणून जॉबखाली रायझर घ्या, जॉब वर आणा, टूल आखूड ठेवा. जॉबच्या बुडाला तीन-चार मिमी जादा माल ठेवून डोव्हटेल (पकडीसाठी तिरक्या कडांचा भाग) कापला की पाच बाजू मोकळ्या मिळतात. शेवटी तेवढं बूड काढून टाकायचं.

कॅममधल्या (प्रोग्रॅम बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या) सिम्युलेशनमध्ये होल्डर, कोलेट नट, व्हाइसचा जबडा, क्लॅम्पचे बोल्ट सगळं खरं हवं. प्रोग्रॅमर बहुतेक वेळा यादीतला कोणताही होल्डर उचलतो. मी होल्डर हातात घेऊन व्हर्नियरने व्यास आणि लांबी मोजते आणि त्याच्या टेबलावर चिठ्ठी ठेवते. कूलंटची नळी मात्र सिम्युलेशनमध्ये सहसा नसते. ती सरळ वर वळवून ठेवा.

पहिली फेरी

सुरुवात थ्री-प्लस-टूने करा, म्हणजे टेबल कलवायचं, अक्ष क्लॅम्प करायचे आणि मग नेहमीसारखं तीन अक्षांत कापायचं. आमची बहुतेक कामं यातच होतात. फॅनकवर जी ६८.२ ने कललेलं प्रतल सांगतात आणि जी ५३.१ ने टूल त्या प्रतलाला काटकोनात आणतात. सीमेन्सवर सायकल ८०० आणि हायडेनहाइनवर प्लेन स्पेशिअल हेच करतात. कोणताही कंट्रोल असला तरी टेबल हलण्याआधी झेड मशीनच्या शून्याला पूर्ण वर गेलेला हवा. जॉबच्या वर ५० मिमी पुरतील, असं समजू नका. टेबल कलताना जॉबचा कोपरा वर येतो आणि तो किती वर येईल हे अंदाजाने कळत नाही.

रॅपिड ओव्हरराइड (जलद चालीचा वेग) सगळ्यात खाली, सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, एक हात फीड होल्डवर (चाल थांबवायच्या बटणावर). पहिली फेरी जॉबशिवाय. दुसरी जॉब लावून, पण टूलच्या लांबीत १०० मिमी जादा भरून. या वेळी पॅनेलच्या स्क्रीनकडे बघू नका, दारातून आत बघा. उरलेलं अंतर मात्र मध्येच फीड होल्ड दाबून वाचा. पडद्यावर ८० उरलेत आणि डोळ्यांना २० दिसताहेत, तर तिथेच थांबायचं.

पाचही अक्ष एकदम चालतात तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. बॉल नोज (गोल टोकाचा कटर) उभा धरला तर त्याचं टोक कापत नाही, घासतं, कारण मध्यावर वेग शून्य असतो. १० मिमीचा बॉल ०.२ खोलीवर उभा चालवला तर प्रत्यक्ष कापणारा व्यास २.८ मिमीच. तोच १५ अंश कलवला की ५.२ मिमी होतो. त्याच आरपीएमवर कापण्याचा वेग जवळजवळ दुप्पट, आणि पृष्ठभाग डोळ्यांना फरक दिसेल इतका सुधारतो. दुसरी गोष्ट: ए शून्याजवळ आला की दिशेतल्या बारीकशा बदलासाठीही सी अक्षाला अर्धा फेरा मारावा लागू शकतो. जॉबवर तिथे डाग उठतो, फीड गडगडतो. यावर मी फिक्स्चरमध्येच जॉब काही अंश तिरका बसवते, म्हणजे तो भाग कापताना ए शून्याजवळ येतच नाही.

मध्येच लाइट गेली तर

टूल जॉबच्या आत आणि मशीन बंद, ही वेळ प्रत्येकावर येते. ट्रनियन टेबलावर स्पिंडल उभाच असतो, त्यामुळे ए किंवा सीला हात न लावता फक्त झेड वर घ्या. हेड कलणाऱ्या मशीनवर असं केलं तर ड्रिल भोकात मोडेल. तिथे टूलच्या अक्षाच्या दिशेने जॉग करण्याची सोय कंट्रोलमध्ये शोधून ठेवा, आणि ती लाइट जाण्याआधीच वापरून बघा. टूल बाहेर आलं की प्रोग्रॅम मधल्या ओळीपासून सुरू करण्याचा मोह आवरा. जी ४३.४ (अक्ष फिरताना टूलचं टोक जागेवर सांभाळणारी आज्ञा) किंवा जी ६८.२ रद्द झालेलं असेल तर कंट्रोल त्याच आकड्यांना वेगळ्या जागी नेतो. त्या टूलच्या सुरुवातीला परत जा, प्रतल पुन्हा घोषित होऊ द्या, हवेत कापायला लागले तरी चालेल.

शिफ्ट सोडताना मी वहीत चार गोष्टी लिहिते: केंद्राचे चालू आकडे, कोणतं टूल किती बाहेर आहे, शेवटच्या जॉबची मापं, आणि कुठे काही घासलं-ठोकलं असेल तर ते वेळेसकट. ठोकल्याची नोंद मी नेहमी लाल पेनाने करते, म्हणजे रात्रपाळीच्या मुलाला ती दारातूनच दिसते आणि तो पहिला जॉब लावायच्या आधी ठोकळा कापतो.