ओंडक्याचा बाक आणि ठोकळ्यांचा किल्ला : छायाचित्रे कशी टिपावीत

बागेतली गावरान धाटणीची बांधकामे, म्हणजे ओंडक्यासारखे दिसणारे सिमेंटचे बाक, बांबूच्या आकाराचे कठडे, गवती छपराच्या छत्र्या, आणि घरी हौसेने रचलेले प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे किल्ले, या दोन्हींचे छायाचित्र बहुधा एकाच कारणाने फसते. आपण ते उभ्याने, आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून टिपतो. वरून पाहिलेला बाक नुसती फळी वाटतो आणि वरून पाहिलेला किल्ला नुसते खेळणे वाटते. म्हणून कॅमेरा आधी खाली आणावा. बाकीचे सारे त्यानंतरचे आहे.

सरावाला बाग उत्तम, कारण तिथली वस्तू मोठी असते आणि ऊन फुकट मिळते. मात्र उन्हाची वेळ सांभाळावी लागते. आपले सोलापूर कर्कवृत्ताच्या बरेच दक्षिणेला असल्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच नाहीशी होते. अशा उजेडात सिमेंटवर कोरलेली साल सपाट दिसते. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे 49 अंशांवरच असतो, त्यामुळे हिवाळ्यात दुपारसुद्धा वाया जात नाही. उन्हाळ्यात सूर्योदयानंतरचा पहिला तासच खरा उपयोगाचा. त्या वेळी ऊन बाकाला समांतर येईल अशा बाजूला बसावे, म्हणजे सालीच्या प्रत्येक खाचेत बारीक सावली भरते, ओंडक्याच्या कापलेल्या टोकावर कारागिराने ओढलेली वर्तुळे उठून दिसतात, आणि माणसे बसून बसून तपकिरी रंग उडालेल्या जागी उघडे पडलेले करडे सिमेंटही नजरेत येते. ही झिजलेली जागा टाळू नये. बाकाचे वय तीच सांगते.

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा तट टिपताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कॅमेरा प्रत्येक दृश्य मध्यम करड्या रंगाचे मानून चालतो, त्यामुळे काळा दगड चौकटभर असला की तो फिकट, धुरकट उमटतो. तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा आत घेतो तो उजेड, अर्ध्या ते एका टप्प्याने (स्टॉपने) कमी करावे. दुसरे असे की, बुरुजाच्या पायथ्याशी उभे राहून फोन वर कलवला की बुरूज मागे झुकलेला दिसतो. त्यापेक्षा मागे सरावे, फोन सरळ उभा धरावा आणि खालची नको असलेली जमीन नंतर कापून टाकावी.

आता ठोकळ्यांचा किल्ला. लेगोची माणसाची आकृती जेमतेम 4 सेंटिमीटर उंच असते, म्हणजे तिचे डोळे जमिनीपासून साधारण 3 सेंटिमीटरवर येतात. भिंग तितके खाली नेण्यासाठी फोन उलटा धरावा, म्हणजे बहुतेक फोनचे भिंग टेबलाला जवळजवळ टेकते. एवढ्याने दरवाजा उंच होतो आणि बुरूज आभाळात जातो. फार जवळ जाण्याचा मोह मात्र आवरावा, कारण जवळून पुढचा बुरूज अवाजवी फुगतो. दोन हात मागे सरून दुप्पट झूम वापरलेला बरा. मोठा कॅमेरा असेल तर स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंत स्पष्ट दिसणारा पट्टा, वाढवण्यासाठी भिंगाचे छिद्र लहान, एफ/11 च्या आसपास ठेवावे आणि कॅमेरा स्टँडवर ठेवून टायमर लावावा. पुढची चऱ्यांची ओळ स्पष्ट आणि मागची भिंत पार धूसर झाली, तर पाहणाऱ्याला वस्तूचा लहानपणा लगेच कळतो.

हे ठोकळे चकचकीत प्लास्टिकचे असल्यामुळे त्यांवर दिव्याचे पांढरे ठिपके पडतात. किल्ला खिडकीच्या बाजूला ठेवावा, खिडकीवर बटर पेपर किंवा पातळ पांढरे कापड लावावे, आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा करून सावली उजळावी. खोलीतली ट्यूबलाइट बंदच ठेवावी, नाहीतर एकाच भिंतीवर दोन रंग दिसतात. अर्थात, 2004 च्या सुमारास लेगोने करड्या रंगाची छटा बदलली, त्यामुळे जुने आणि नवे ठोकळे मिसळलेले असतील तर छायाचित्रात ठिगळे दिसणारच. तो दोष उजेडाचा नव्हे. मागे सोलापुरी चादर लावावी असे आपल्याला साहजिकच वाटते, पण मी ती लावून पाहिली आहे आणि तिचा सल्ला देणार नाही: 4 सेंटिमीटरच्या शिपायामागे विणीचा एकेक धागा दोरखंडाएवढा दिसतो. साधा, फिकट निळा कार्डशीट पुरतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत धूळ सतत बसते, म्हणून टिपण्याआधी मऊ कुंचल्याने प्रत्येक कंगोरा झाडावा आणि काळ्या ठोकळ्यांवरचे बोटांचे ठसे पुसावेत. डोळ्याला न दिसणारा कण पडद्यावर खड्यासारखा दिसतो.

खरा आनंद या दोन्ही गोष्टी एकत्र आणण्यात आहे. ठोकळ्यांचा किल्ला पाटावर ठेवून बागेत न्यावा, पाट बाकावर मांडावा, आणि मागे दूरवर खरा बुरूज येईल अशा रीतीने फोन खाली धरावा. दोन्हींवर ऊन एकाच बाजूने पडते आहे ना, हे आधी पाहावे. ते जुळले की डोळा बाकीचे मानून घेतो. तटाच्या दगडावर मात्र काही मांडू नये किंवा चिकटवू नये, आणि ट्रायपॉड लावण्यापूर्वी प्रवेशद्वारावर विचारून घ्यावे.

ठोकळ्यांचा किल्ला आज ना उद्या मोडला जातो आणि त्याचेच ठोकळे पुढच्या रचनेला लागतात. म्हणून मोडण्यापूर्वी चारही बाजूंनी, वरून, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून एकेक साधे छायाचित्र घ्यावे. आतल्या मजल्यांचे टिपायचे असेल तर छप्पर उतरवल्यावर लगेच, ठोकळे हलण्याआधी घ्यावे.