म्हातारं कुत्रं थोडे दिवस सांभाळायला आणायचं असेल तर

मोंढ्यात हमालांच्या मागं मागं फिरणारी एक कुत्री होती, मागचे पाय लटलट कापायचे, एकदा टेम्पोखाली येता येता वाचली आणि प्राणीमित्र पोरांनी विचारलं, ताई थोडे दिवस ठेवता का. थोडे दिवस म्हणता म्हणता सात महिने झाले. काशी नाव ठेवलं आईनं. पिल्लू कसं सांभाळायचं हे सगळेच सांगतेत, म्हाताऱ्याचं कोणी सांगत नाही, म्हणून लिहायलेय.

आणायच्या आधी तीन गोष्टी बोलून घ्या. औषधाचा खर्च कोणाचा, रात्री गाडी कोण आणणार, आणि शेवटचा निर्णय कोण घेणार. तिसरी आम्ही बोललोच नाही, लाज वाटली, आणि नंतर तिथंच अडकलो.

आल्या आल्या आंघोळ घालू नका, दोन दिवस नुसतं कोपऱ्यात पडू द्या. मग रक्त तपासा, त्यात किडनीचं क्रिएटिनिन आणि गोचीड तापाची टेस्ट सांगूनच करून घ्या, आपल्याकडं गोचिडांचा ताप लई. रेबीजची लस झाली का माहीत नसेल तर झालीच नाही असं धरा. घरात आधीचं कुत्रं असेल तर दोन आठवडे वेगळं ठेवा.

आमच्याकडं शहाबादी फरशी, काशी उभी राहायला गेली की चारी पाय चार दिशांना. मोंढ्यातून जुना बारदाना आणला, तिच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत अंथरला, दुसऱ्या दिवशी बाई आपली आपण चालत पाण्याला गेली. एवढंच पाहिजे होतं तिला, आणि आम्ही कॅल्शियमच्या बाटल्या शोधत बसलो होतो. भांडं विटेवर ठेवा, मान वाकवायला त्रास होतो.

मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो तेव्हा कूलरसमोरची जागा तिची. किडनी थकलेलं कुत्रं पाणी लई पितं आणि मुततंही लई, म्हणून पाणी तोडायचं नाही, नळ आठ दिवसांनी येत असला तरी नाही.

जेवायला ज्वारीची भाकरी चिकनच्या अळणी पाण्यात कुस्करून, कांदा लसूण अजिबात नाही, द्राक्षं बेदाणे नाही. नर्सीच्या नामदेवांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, कुत्रं पोळी घेऊन पळालं तर तुपाची वाटी घेऊन मागं धावले. धावायचं ते धावा, पण म्हाताऱ्या कुत्र्याला तूप नको, स्वादुपिंडाला सूज येते. आणि माणसाची दुखण्याची गोळी तर चुकूनही नको. मी पॅरासिटामॉल अर्धी तोडून हातात घेतली होती, डॉक्टर फोनवर ओरडले म्हणून वाचलो.

आता अवघड भाग. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री खूण करायची. स्वतः उठली, जेवली, कोणी आलं तर शेपटी हलवली, अंगाखाली न मुतता बाहेर गेली, यातलं बरंचसं झालं तर बरोबर, नाहीतर फुली. झोपेत असताना मिनिटाचे श्वास मोजा, रोज तीसच्या वर जायला लागले तर डॉक्टरांना कळवा. आठवड्यात फुल्या जास्त झाल्या की बोलायची वेळ झाली. कॅलेंडर नसतं तर मी अजून महिनाभर ओढलं असतं तिला, कारण रोज एखादा घास खायची आणि मी म्हणायचे बघा खायलीय की. तो घास ती माझ्यासाठी खात होती असं आई म्हणायची, ते मला पटत नाही, पण चुकीचंही म्हणवत नाही.

कायमच्या झोपेचं इंजेक्शन कोण देतं हे आधीच विचारून ठेवा, तालुक्याच्या दवाखान्यात सगळा कारभार गाई-म्हशींचा, औषध असेलच असं नाही. परभणीला आणि उदगीरला व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिकडं विचारा. घरी येणार असतील तर उत्तम. आधी गुंगीचं देतात, मग शिरेतून दुसरं. डोळे उघडेच राहतात आणि नंतर एखादा श्वास आल्यासारखा वाटतो, तो जीव नसतो, घाबरू नका. आम्ही सकाळची वेळ घेतली, आईनं तिला खारी चारली दुधात बुडवून, सात महिने मागत होती, त्या दिवशी कशाला नाही म्हणायचं. पंजा आईच्या हातात होता, आईनं वरून पदर टाकला.

खड्डा कंबरेएवढा तरी पाहिजे, विहीर-बोअरपासून लांब. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि बाकीची कुत्री उकरतात, म्हणून वर दगड आणि बाभळीच्या काट्या टाका. मीठ टाकायचं का यावर आमच्याकडं वाद झाला, शेवटी काकांनी अर्धी पिशवी टाकली.

घरी दुसरं कुत्रं असेल तर त्याला एकदा वास घेऊ द्या, नाहीतर आठवडाभर दारात बसतं. उरलेल्या गोळ्या डॉक्टरांना परत द्या, दुसऱ्या कुणाला कामी येतील का ते त्यांना बघू द्या. बारदाना जाळून टाका. पुढचं कुत्रं आणायच्या आधी भिंतीच्या फटी बघा, तिथं गोचीड महिनोन् महिने उपाशी बसून राहतात, आम्हाला खिडकीच्या चौकटीत सापडले, औषध दोनदा फवारावं लागलं.