थंडी लांबलेल्या फेब्रुवारीत परसबागेतील उन्हाळी भाज्यांची लागवड

भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारली आणि दुधी भोपळा या उन्हाळी भाज्यांची लागवड जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत करावी, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. कोकणपट्टीत थंडी फारशी टोकाची नसल्यामुळे हा काळ बहुतेक वर्षी जुळतो. नाशिक, निफाड, पुणे, जळगाव, मराठवाडा आणि विदर्भ या भागांत मात्र उत्तरेकडून येणारे कोरडे, थंड वारे टिकून राहिले, की फेब्रुवारीतही पहाटेचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास घुटमळत राहते. दुपारी ऊन चटका देते, म्हणून आपण हंगाम सुरू झाला असे समजून बी टोकतो. परंतु बियाणे दुपारच्या उन्हावर नव्हे, तर जमिनीच्या उबेवर उगवते. अशा वर्षी पेरणीची तारीख पंचांगावरून न ठरवता मातीचे तापमान पाहून ठरवावी आणि जाणारे दिवस वाया जाऊ नयेत म्हणून रोपे आडोशाला तयार करून ठेवावीत, हा या सल्ल्यातील मुख्य मुद्दा आहे.

नुसते थांबून राहणेही परवडत नाही. एप्रिलमध्ये पारा ३८ अंशांच्या पुढे गेला, की टोमॅटोची फुले गळू लागतात आणि वेलवर्गीय भाज्यांत नर फुलांचे प्रमाण वाढते. याउलट वाढीच्या सुरुवातीच्या काळात हवा थोडी थंड राहिली, तर काकडी आणि भोपळ्यावर मादी फुले अधिक लागतात. म्हणजे थंडीचा शेवट आणि कडक उन्हाळ्याची सुरुवात यांमधील अवघ्या काही आठवड्यांत वेल मांडवावर चढलेला असला पाहिजे.

मातीचे तापमान मोजण्यासाठी साधा तापमापक पुरतो. सकाळी आठच्या सुमारास तो सुमारे ५ सेंटीमीटर खोल रोवून दोन-तीन मिनिटांनी आकडा पाहावा. हे तापमान सलग चार-पाच दिवस १८ अंशांच्या वर राहिले, तरच भेंडी, गवार आणि वेलवर्गीय भाज्यांचे बी थेट जमिनीत टोकावे. त्याखाली बी उगवायला दुप्पट-तिप्पट वेळ घेते, तोवर ओल्या, थंड मातीत ते सडते किंवा मुंग्या-उंदरांच्या तोंडी पडते. भेंडी उगवली नाही की बियाण्याला दोष दिला जातो. पण थंड वाफ्यात चांगले बियाणेही तसेच वागते.

वेलभाज्यांची रोपे कागदी पेल्यांत किंवा लहान प्लास्टिकच्या पिशव्यांत करावीत, कारण या रोपांना मुळे दुखावलेली चालत नाहीत आणि वाफ्यातून उपटून लावलेले रोप बहुधा कोमेजते. पिशवीला तळाशी दोन-तीन छिद्रे पाडावीत. पोयटा माती आणि चाळलेले, चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात भरून त्यात मूठभर ट्रायकोडर्मा (उपयुक्त बुरशी) मिसळलेले खत घालावे, म्हणजे कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडण्याचा धोका कमी होतो. कारल्याच्या बियांचे कवच कठीण असते. त्या रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरातील उबदार कोपऱ्यात ठेवाव्यात. फडके दररोज उघडून पाहावे आणि पांढरे मोड डोकावताच एकेक बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढे खोल लावावे. मोड लांब होऊ दिला, तर लावताना तो हमखास तुटतो. पिशव्या दिवसा पूर्ण उन्हात आणि रात्री पडवीत किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या आच्छादनाखाली ठेवाव्यात. सकाळी ऊन वर येताच आच्छादन काढायला विसरू नये, अन्यथा आतील उष्णतेने रोपे दुपारपर्यंत शिजून जातात. बियांतून निघालेल्या पहिल्या जाड पानांनंतरची दोन खरी पाने आली, की पुढील पाच-सहा दिवस पाणी थोडे कमी करून आणि रोपे हळूहळू रात्रीही बाहेर ठेवून त्यांना कणखर करावे आणि मगच आळ्यात लावावे.

जागेची निवड करताना या दिवसांत सूर्य अजून दक्षिणेकडे कललेला असतो, हे लक्षात घ्यावे. घराच्या उत्तरेकडील वाफ्यावर भिंतीची सावली लांबवर पडते आणि ती माती मार्चपर्यंत गार राहते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगतची जागा मात्र दिवसभर ऊन घेते आणि भिंतीत साठलेली ऊब रात्री थोडीथोडी परत देते. पहिली काकडी आणि पहिली भेंडी तिथेच लावावी. सपाट वाफ्यापेक्षा १५ ते २० सेंटीमीटर उंचीचा गादीवाफा लवकर तापतो व त्यात पाणी साचत नाही. गच्चीवरील कुंड्यांतील माती जमिनीपेक्षा लवकर तापते, तशीच रात्री लवकर निवतेही, म्हणून त्या कठड्यालगत एकमेकींना चिकटून ठेवाव्यात.

आच्छादनाबाबत नेहमीचा सल्ला काही दिवस बाजूला ठेवावा लागतो. पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा भाताचे तूस यांचा जाड थर उन्हाळ्यात माती थंड ठेवतो. नेमक्या त्याच कारणाने तो फेब्रुवारीत उन्हाची ऊब मातीपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून पेरणीपूर्वी आठवडाभर आच्छादन ओढून बांधाकडेला लावावे आणि उघड्या मातीवर काळसर गांडूळखताचा पातळ थर द्यावा, म्हणजे माती लवकर तापते. मार्चच्या मध्यानंतर हेच आच्छादन पुन्हा पसरावे.

पाणी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास द्यावे. गच्चीवरील टाकीत रात्रभर राहिलेले पाणी पहाटे बर्फासारखे गार असते, तर विहिरीचे किंवा बोअरचे ताजे उपसलेले पाणी या दिवसांत त्यापेक्षा बरेच उबदार असते. सोय असल्यास तेच वापरावे. ज्या रात्री पारा ८ अंशांच्या खाली जाण्याचा अंदाज असेल, त्या दिवशी मात्र सूर्य मावळण्याआधी वाफ्याला हलके पाणी द्यावे, कारण ओलसर माती कोरड्या मातीपेक्षा अधिक उष्णता धरून ठेवते. पाणी बुडाशीच द्यावे. पानांवर रात्रभर ओल राहिली तर टोमॅटोवर करपा येण्यास वाव मिळतो.

थंड मातीत टोमॅटोच्या पानांची खालची बाजू आणि शिरा जांभळट दिसू लागतात. ती बहुधा स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता असते. मात्र स्फुरद मातीत असूनही गारठलेल्या मुळांना ते उचलता येत नाही. अशा वेळी रासायनिक खताचा जादा डोस देऊ नये. माती तापल्यावर नवी पाने आपोआप हिरवी येतात.

रेंगाळलेल्या थंडीचा थेट लाभ पालेभाज्यांना होतो आणि परसबाग करणाऱ्यांनी तो आवर्जून घ्यावा. मेथी, कोथिंबीर आणि पालक यांची आणखी एक पेरणी दहा-बारा दिवसांच्या अंतराने करता येते. धणे हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत आणि रात्रभर भिजवून पेरावेत. जुन्या वाफ्यातील मुळा मात्र वेळेवर काढावा. थंडीनंतर हवा तापताच तो फुलावर येतो आणि मूळ जरड होते. तसे झालेच, तर चार झाडे राखून त्यांच्या कोवळ्या डिंगऱ्या (शेंगा) भाजीसाठी घ्याव्यात. कांद्याला डेंगळे (फुलांचे दांडे) दिसताच तो कांदा काढून लगेच वापरावा, कारण तो साठवणीत टिकत नाही.

कीड-रोगांपैकी या हवेत भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आणि मावा (रस शोषणारे बारीक किडे) यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. ढगाळ हवेनंतर वाल, कोबी आणि मिरचीची पाने उलटून पाहावीत. मावा दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. घरच्या प्रमाणासाठी ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्यावी, त्यात चिमूटभर साबण मिसळावा आणि सायंकाळी फवारणी करावी. भुरीचे पांढरे ठिपके दिसताच ती पाने काढून टाकावीत आणि गरज पडल्यास पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक प्रतिलिटर २ ग्रॅम या प्रमाणात फवारावे. दुपारचे तापमान ३२ अंशांच्या पुढे जात असेल, तर काकडीवर्गीय वेलांवर गंधक टाळावे, कारण पाने करपतात. लाल भुंगेरे वेलाची पहिली कोवळी पाने चाळणीसारखी करून टाकतात. गार सकाळी ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत.

वेल फुलावर आल्यानंतरही सकाळ गारच असेल, तर मधमाश्या उशिरा बाहेर पडतात आणि काकडीची पिल्ले पिवळी पडून गळतात. अशा वेळी परागीभवन हाताने करावे. ताजे उमललेले नर फूल देठासह तोडावे, त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि मधला परागकोश मादी फुलाच्या मध्यभागी अलगद फिरवावा. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते, त्यामुळे ते ओळखणे सोपे जाते. काकडी आणि लाल भोपळ्यासाठी हे काम सकाळी नऊच्या आत आटोपावे. दोडका आणि दुधी भोपळ्याची फुले मात्र सायंकाळी उमलतात, त्यामुळे त्यांच्यासाठी दिवस मावळताना मांडवाखाली जावे लागते.