गावात आवाज लपत नाही

आमच्या कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे आसपासच्या गावांपुरत्या छोट्या रेडिओ केंद्रावर, नवीन कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, माइकवर कधी बसायचं?" मी म्हणते, आधी पंधरा दिवस रेकॉर्डर पिशवीत घालून नुसतं फिर.

मी चर्चेचे कार्यक्रम करते. पाणी, रेशन, दारू, बंद पडलेली एसटीची फेरी, असले विषय. केंद्र सरकारच्या 2006 च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही असा रेडिओ चालवायचा परवाना मिळू लागला. ट्रान्समीटर जेमतेम 100 वॉटचा. आवाज पोचतो आठ-दहा किलोमीटर, मध्ये डोंगर आला तर तेवढाही नाही. एक अट मात्र नव्यांच्या गळी लवकर उतरत नाही: स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत, राजकीय कार्यक्रम करायचा नाही. "मग बोलायचं काय?" अरे, नळाला चार दिवसांनी पाणी का येतं हे विचारायला पक्षाचं नाव कशाला लागतं? टाकी कधी धुतली, व्हॉल्व्ह कोण फिरवतो, आधी कुठल्या आळीला सोडतो, एवढं विचारा. बाकीचं ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. रेशनवर धान्य कमी मापतात, असं एक आजी माझ्याशी बोलली. मी तिचं नाव घेतलं नाही, गावही सांगितलं नाही, आणि काय जपलं म्हणून स्वतःवरच खूश. संध्याकाळी कार्यक्रम लागला. सकाळी दुकानदाराचा भाऊ आजीच्या दारात उभा. आजी दर वाक्याला "काय म्हन्ते मी" म्हणायची. आठ-दहा किलोमीटरांत ती लकब सगळ्यांना पाठ होती, माहीत नव्हती ती फक्त मला. नंतर गेले तेव्हा तिनं चहा दिला, ख्यालीखुशाली विचारली, पण पिशवीतून रेकॉर्डर काही काढू दिला नाही.

मोठ्या शहरातल्या रेडिओवर नाव झाकलं की माणूस झाकला जातो. इथं खोकल्यावरूनही ओळखतात. म्हणून आता तक्रार एकटीच्या तोंडून घेत नाही. सात-आठ जणी एका ओट्यावर बसवते, एकीचं वाक्य दुसरी पुरं करते, मग कुणा एकीला धरता येत नाही. झालेलं रेकॉर्डिंग तिथंच ऐकवते. "हे काढ गं बाई" म्हणाली की तिच्यासमोर काढते, कितीही जीव तुटला तरी. आणि दुकानदार असो नाहीतर ग्रामसेवक, त्याचं उत्तर त्याच भागात लावते. पुढच्या आठवड्यात लावू म्हटलं तर तोवर गावात दोन तट पडलेले असतात. लावलेलं सगळं तीन महिने जपून ठेवावंच लागतं. नियमच आहे तो, पण "मी असं बोललोच नाही" म्हणणाऱ्यासाठी फार कामाचा.

गटानं ऐकून बोलायची ही रीत आपल्याकडे जुनीच. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीनं शेतकरी मंडळांसाठी आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम व्हायचा. पाच जिल्ह्यांतल्या जवळपास दीडशे गावांत माणसं एकत्र बसून तो ऐकत, मग आपसांत चर्चा करत आणि प्रश्न केंद्राला कळवत. आम्ही आज व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज मागवतो. फरक एवढाच की मेसेज पाठवणारा माणूस एकटाच ऐकतो आणि एकटाच चिडतो.

प्रश्न कसा विचारायचा हे कुठल्या वर्गात शिकवून येत नाही, पण एक सांगते. "पाणीटंचाईबद्दल तुम्हाला काय वाटतं?" म्हटलं की समोरचा भाषण सुरू करतो, पुरुष तर हमखास. "काल किती हंडे आणले?" म्हटलं की बाई बोटं मोजायला लागते. तेव्हा गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. खरं बोलणं बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आकड्याला येतं आणि नवीन पोरं तिसऱ्यालाच पुढचा प्रश्न टाकतात.

सरपंच खुर्चीवर आणि बाया खाली, अशा बैठकीत रेकॉर्डिंगला बसू नका, तासभर फक्त सरपंचच मिळतील. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती खरोखर झाली तर संपल्यावर दाराशी उभ्या राहा. चपला शोधता शोधता जे बोलणं होतं ते सभेत झालेलं नसतं.

पगाराचं विचाराल तर मानधन म्हणतात त्याला, आणि ते वेळेवर येईलच असं नाही. माझ्याबरोबरच्या दोघी आकाशवाणीवर हंगामी निवेदिका झाल्या, एक अंगणवाडीत गेली. तरी यायचं असेल तर कानाला घट्ट बसणारा हेडफोन स्वतःचा आणा. स्टेशनवरच्याचा उजवा कान दोन वर्षं बंद आहे.