अपस्मार असलेल्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती आणि संशोधनाचे अनुदान : या चुका टाळा

माझ्या भाच्याला अपस्मार, म्हणजे मिरगी आहे. त्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्या वर्षी फेटाळला गेला, तेव्हा त्याच्याकडे मेंदूविकारतज्ज्ञांचे पत्र, ईईजीचा (मेंदूतील विद्युत लहरींच्या तपासणीचा) अहवाल आणि चार वर्षांच्या औषधांच्या चिठ्ठ्या होत्या. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मात्र नव्हते. नागपुरात मिरगी असलेल्या मुलांच्या पालकांशी बोलताना हीच चूक पुन्हा पुन्हा समोर येते, म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहीत आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या यादीत दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन आजारांत तिथे मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावे आढळतात. अपस्माराचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे केवळ मिरगीच्या निदानावर केंद्राच्या दिव्यांग शिष्यवृत्तीची पात्रता मिळत नाही. मात्र अपस्मारासोबत सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा यादीतील दुसरे दिव्यांगत्व असेल आणि सरकारी वैद्यकीय मंडळाने ते ४० टक्के किंवा त्याहून अधिक ठरवले असेल, तर अर्ज करता येतो. खासगी डॉक्टरांचे पत्र या प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही. आणि तपासणीच्या दिवशी आजार ‘दिसावा’ म्हणून औषध चुकवण्याचा विचार कोणीही मनात आणू नये. औषध अचानक थांबल्यास लागोपाठ झटके येऊन जिवावर बेतू शकते.

योग्य उपचार मिळाल्यास सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा विद्यार्थ्यांनी दिव्यांग योजनांमागे वर्ष घालवण्याऐवजी उत्पन्न आणि प्रवर्ग यांवर आधारलेल्या योजना आधी पाहाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत याच मर्यादेत पूर्ण शुल्कमाफीही मिळते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या गर्दीपूर्वीच सेतू केंद्रातून काढून ठेवावा.

भाच्याला दुसऱ्या वर्षी याच मार्गाने शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण पैसे महिनोन्‌महिने खात्यात आले नाहीत. बँकेत आधारची प्रत दिली होती, त्यामुळे सारे झाले, असे घरच्यांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात शिष्यवृत्तीची रक्कम ज्या खात्याचे आधार सीडिंग (सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधारशी केलेली जोडणी) सक्रिय असते, त्याच खात्यात जाते, आणि त्याच्या आधारला जोडलेले खाते शाळेच्या वेळचे, बंद पडलेले होते. शाखेत जाऊन सीडिंग बदलून घेतल्यावरच रक्कम जमा झाली. अर्ज भरला म्हणजे काम संपले, असेही समजू नये. महाविद्यालयाने त्याची पडताळणी करून तो पुढे पाठवला का, हे दर आठवड्याला पाहावे आणि त्रुटीसाठी परत आल्यास मुदतीतच दुरुस्त करावा. झटक्यांमुळे हजेरी बुडाल्यास त्याच महिन्यात रुग्णालयाचे कागद कार्यालयात द्यावेत, कारण वर्षअखेरीस दिलेल्या कागदांकडे कोणी पाहत नाही. उपचारांसाठीची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही शिष्यवृत्ती नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

या आजारावर संशोधन करू इच्छिणाऱ्यांच्या चुका वेगळ्या असतात. नागपुरातील मेडिकल, मेयो किंवा एम्स या वैद्यकीय महाविद्यालयांतील एमबीबीएसचे विद्यार्थी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजनेसाठी प्रस्ताव लिहितात, तेव्हा दोन महिन्यांच्या कामात शेकडो रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करण्याचे आश्वासन देऊन बसतात. अपस्माराची व्याख्याही अनेकदा मोघम राहते. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या २०१४ च्या व्याख्येनुसार तात्कालिक कारणाविना, २४ तासांहून अधिक अंतराने आलेले दोन झटके हा एक निकष आहे. तो न लिहिल्यास तापातील झटके आणि अपस्मार एकाच तक्त्यात मोजले जातात. केवळ संशोधनासाठी केलेल्या ईईजीचा खर्च रुग्णाच्या माथी मारू नये, तो अंदाजपत्रकात धरावा. नैतिकता समितीची मंजुरी आल्याशिवाय एकाही रुग्णाची माहिती गोळा करू नये. संमतीपत्रक मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत असावे, आणि रुग्ण १२ ते १८ वर्षांचा असेल तर पालकांच्या संमतीसोबत त्याची स्वतःची लेखी अनुमतीही घ्यावी.