वादळी हवेत, समुद्रालगतच्या घाटात आरव्ही चालवताना या चुका टाळा

वादळात घाटात अडकलेल्या आरव्हीवाल्यांना, म्हणजे राहण्याच्या सोयी असलेली गाडी घेऊन फिरणाऱ्यांना, ‘निघालातच कशाला?’ असं विचारलं, की बहुतेकदा एकच उत्तर मिळतं: पुढच्या मुक्कामाचं बुकिंग होतं. पलंग, शेगडी, पाणी, संडास सगळं पाठीशी घेऊन फिरणारा माणूस दुसरीकडच्या जागेसाठी भर वादळात वळणं कापत सुटतो, हे मला कधीच उमगलेलं नाही. या गाडीला छोट्या कारसारखी चपळाई नाही आणि ट्रकसारखा दणकटपणाही नाही. तिच्याकडे एकच जमेची बाजू आहे: ती कुठेही थांबली तरी आत घर असतं. पुढच्या बहुतेक चुका ही बाजू विसरल्यामुळे होतात.

हवामान पाहिलं, पण झोतांचा आकडा पाहिला नाही

अंदाजात वाऱ्याचे दोन आकडे असतात, सरासरी वेग आणि झोतांचा वेग. लोक पहिला वाचतात आणि निघतात. गाडी हलते ती दुसऱ्यामुळे. वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्ट मापनश्रेणीत आठवा टप्पा ताशी ६२ किलोमीटरला सुरू होतो. त्या वाऱ्यात झाडांच्या डहाळ्या तुटतात आणि समोरून वारा असेल तर माणसाला चालणं जड जातं. झोत साठीच्या आसपास सांगितले असतील, तर उंच गाडी उघड्या किनारी घाटात नेऊ नये, असं माझं मत आहे. कुणाला ही भित्रेपणाची हद्द वाटेल, वाटू दे.

यामागे साधं गणित आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सात मीटर लांब आणि अडीच मीटर उंच बाजू असलेल्या गाडीवर ताशी ४५ किलोमीटरचा आडवा वारा ढोबळमानाने १७० किलो वजनाइतका रेटा देतो. वारा ९० झाला की तोच रेटा ६८० किलोच्या घरात जातो. वेग दुप्पट, जोर चौपट.

वारा सलग असता तर हातांना त्याची सवय झाली असती. किनाऱ्याच्या घाटात तो तुटक येतो. रस्ता डोंगर कापून केलेल्या खिंडीत असतो तोवर सगळं शांत असतं. खिंड संपून भूशिराच्या टोकावर आलात की धक्का बसतो. ओढ्यावरच्या पुलांवर तर दरीतून वारा दाटून वर येतो. समोरून येणारा मोठा ट्रक क्षणभर वारा अडवतो आणि तो पुढे गेला की वारा पुन्हा थडकतो. त्यामुळे धक्का कुठे बसणार हे रस्ता बघूनच कळतं, आणि वेग त्या जागेच्या आधी कमी करायचा असतो. धक्का बसल्यावर पाय ब्रेककडे जातो आणि हात स्टिअरिंग जोरात उलटं फिरवतात. झोत अचानक थांबला की हीच जास्तीची दुरुस्ती गाडीला दुसऱ्या बाजूला फेकते. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, अ‍ॅक्सिलरेटर हलका सोडा, दुरुस्ती थोडीच करा.

‘आमच्या गाडीत आडव्या वाऱ्यासाठी यंत्रणा आहे’ असंही ऐकू येतं. मर्सिडीजच्या स्प्रिंटरमध्ये २०१३ पासून अशी यंत्रणा मिळते, पण ती ताशी ८० किलोमीटरच्या पुढे काम करते. घाटात आपण चाळीस-पन्नासने चाललेले असतो. म्हणजे जिथे तिचा भरवसा धरायचा, नेमकी तिथेच ती गप्प बसलेली असते.

पाण्याच्या टाक्यांबद्दल लोकांत वाद आहेत. टाकी जमिनीलगत असेल आणि गाडीच्या कमाल वजनाची मर्यादा ओलांडली जात नसेल, तर ती भरलेली बरी. वजन खाली राहतं. अर्धी भरलेली टाकी मात्र वळणावर पाणी इकडून तिकडे फेकते. सांडपाण्याची टाकी निघण्यापूर्वी योग्य जागी रिकामी करा. छपरावरच्या पेटीत जड सामान ठेवून घाटात जाणं हा तर उघड उघड वाऱ्याशी हातमिळवणीचा प्रकार आहे.

उतारावर ब्रेकवर पाय ठेवून उतरणं

साडेतीन टनांची गाडी ३०० मीटर उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यात सुमारे ३० लिटर थंड पाणी उकळेल. ही सगळी उष्णता ब्रेकमध्ये ओतली, तर आधी लायनिंगची (ब्रेकच्या घासणाऱ्या थराची) पकड कमी होते आणि नंतर ब्रेक ऑइल उकळतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत टिकायला हवं, पण ते हवेतली ओल शोषतं आणि ओल शोषलेल्या ऑइलची किमान हद्द १५५ अंशांवर येते. आरव्ही महिनोन्‌महिने एका जागी उभी असते. ‘गाडी फारशी चालली नाही, ऑइल कशाला बदलायचं’ हा हिशेब म्हणूनच उलटा आहे.

चढताना जो गिअर लागला असता, साधारण तोच किंवा त्याच्या खालचा गिअर उतरताना ठेवा, आणि तो उतार सुरू होण्यापूर्वीच टाका. ऑटोमॅटिक गाडीत हाताने खालचा गिअर निवडता येतो. टो-हॉल मोड (जड भार ओढताना गिअर खाली ठेवणारी सोय) असेल तर तीही इथे उपयोगी पडते. ब्रेक सतत घासत ठेवण्याऐवजी एकदा ठामपणे दाबून वेग पुरेसा खाली आणा आणि सोडा.

इथे पावसाची एक मेख आहे. मोठ्या डिझेल गाड्यांमधला एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर (नेहमीच्या ब्रेकशिवाय वेग आवरणारी यंत्रणा) फक्त इंजिन ज्यांना फिरवतं त्याच चाकांवर जोर लावतो. ओल्या, पानं पडलेल्या किंवा चिखल वाहून आलेल्या वळणावर त्याने मागची चाकं घसरू शकतात. अशा पट्ट्यात तो कमी पातळीवर ठेवा किंवा बंद करा, आणि आधीच इतके हळू असा की त्याची गरज पडू नये. क्रूझ कंट्रोलला (वेग आपोआप कायम ठेवणाऱ्या सोयीला) ओल्या घाटात जागाच नाही.

वळण कारसारखं घेणं

लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात. त्याच वेळी मागच्या चाकांमागे लोंबणारा भाग वळणाच्या बाहेर झुकतो. म्हणून आतल्या बाजूला खडक आणि बाहेरच्या बाजूला कठडा, दोन्ही एकाच वेळी आरशात ठेवावे लागतात. आतल्या वळणावर थोडं उशिरा वळा. समोरचं दिसत नसेल तर दुसऱ्या लेनची जागा उधार घेऊ नका.

मागे गाड्यांची रांग लागली की माणूस नकळत वेग वाढवतो. कॅलिफोर्नियात तर नियमच आहे: दोन लेनच्या रस्त्यावर, जिथे ओव्हरटेक करणं धोक्याचं आहे तिथे, मागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या की हळू चालणाऱ्याने सुरक्षित जागी बाजूला होऊन वाट द्यायची. नियम नसेल तिथेही हे करावं. मात्र पावसाने भिजलेल्या कच्च्या साइडपट्टीवर चाक उतरवू नका. तीन-चार टनांखाली ती खचते.

पाऊस थांबला, आता काळजी नाही

कॅलिफोर्नियाचा बिग सरजवळचा हायवे १ याला चोख उत्तर देतो. मे २०१७ मध्ये मड क्रीक इथे डोंगर रस्त्यासकट समुद्रात उतरला, तोही हिवाळ्यातला मोठा पाऊस सरल्यावर. रस्ता सुरू व्हायला जुलै २०१८ उजाडला. जानेवारी २०२१ मध्ये रॅट क्रीक इथे वेगळं घडलं. आदल्या वर्षीच्या वणव्यात जळालेल्या उतारांवरून चिखल आणि लाकूडफाटा आला, रस्त्याखालची मोरी तुंबली, पाणी वरून वाहिलं आणि रस्त्याचा तुकडाच वाहून गेला. म्हणजे दगड वरून पडतात तसा रस्ता खालूनही जातो. डोंगराकडची लेन असेल तर पडलेल्या लहान दगडांकडे, कठड्याकडची असेल तर डांबरातल्या नव्या भेगांकडे आणि वाकलेल्या खांबांकडे लक्ष द्या. रस्त्यावर गढूळ पाणी वाहत असेल तर त्याखाली डांबर उरलंय का, हे वरून कळत नाही. गाडी जड आहे म्हणून त्यात घालू नका. साधारण ६० सेंटिमीटर वाहतं पाणी बहुतेक वाहनं ओढून नेतं.

वाटेत काही बिनसलं तर

स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटलं तर आधी वेग कमी करा. थांबल्यावर टायरची हवा पाहा आणि मागे जास्त सामान भरून पुढचा भाग हलका झालाय का ते तपासा. आरव्हीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवरचे चार आकडे त्यांची जन्मतारीख सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी कडक झालेलं रबर ओल्या रस्त्याला धरत नाही.

वायपर फिरूनही काच धूसर राहत असेल तर बहुधा खारे तुषार वाळून थर बसलाय. कोरडा वायपर तो पसरवतो, म्हणून वॉशरची टाकी भरलेली हवी. धूसरपणा आतून असेल तर गरम हवेसोबत एसी चालू करा. एसी हवेतली ओल काढतो. पाण्यातून गेल्यावर ब्रेक ढिले वाटले, तर मागे कुणी नाही बघून हळू वेगात हलका ब्रेक दाबत थोडं चाला, ते कोरडे होतात. पण लांब उतारानंतर पेडल खोल जात असेल किंवा जळका वास येत असेल, तर गिअरवर वेग आवरत पहिल्या सपाट जागी थांबा आणि ब्रेक आपोआप निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

मागे ट्रेलर ओढत असाल आणि तो डोलू लागला, तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ट्रेलरच्या ब्रेकचं वेगळं बटण असेल तर ते वापरा. वजन ट्रेलरच्या मागच्या भागात जास्त असलं की हे हमखास होतं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीला जोडणाऱ्या हुकवर हवा.

थांबलात, पण चुकीच्या जागी

समुद्राचं दृश्य दिसणारी मोकळी कड ही वादळातली सर्वांत वाईट जागा. ओढ्याचं मुख, ताज्या कापलेल्या दरडीखालचा पट्टा आणि जुनी झाडं हेही टाळा. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा म्हणजे मोठी बाजू वाऱ्याच्या मारातून सुटते. बाहेर सरकणारा कप्पा आत घ्या, छपरावरची झरोक्याची झाकणं आणि अँटेना मिटवा. ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छप्पर) तर ‘पाच मिनिटांसाठी’ही उघडू नका.

सकाळी निघण्यापूर्वी ऑनिंगचं कुलूप, चाकाजवळची माती आणि छतातून पाणी आलंय का ते पाहा. छत बाहेरून बघायचं असेल तर ओल्या शिडीने वर चढू नका. फोन लांब काठीला बांधून फोटो काढला की पुरतो.