डीव्हीआरचा पोर्ट उघडा राहिलाय का, असं तपासा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात आठ कॅमेरे अन् त्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर मीच बसवला. माग चालू आहेत का, हे मालकांना घरून बघायचं होतं, म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून डीव्हीआरपर्यंत यायचं दार, उघडून दिला. पासवर्ड १२३४५. "सोपाच ठेव बे, मी विसरतो," म्हणाले, अन् मी ठेवला. वर्षभरानं डीव्हीआरचा लॉग उघडला, तर रात्री दोन-तीनला परक्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या अनोळखी पत्त्यावरून, लॉगिन. चूक माझीच.

आपला पत्ता कुणाला ठाऊक, असं गिऱ्हाईक म्हणतं. ठाऊक असायची गरजच नाही. गुगल लिंकवरून पानं गोळा करतं. २००९ साली सुरू झालेलं शोडान हे सर्च इंजिन मात्र एकेका आयपीचं दार वाजवत फिरतं. ८०, ५५४, ३७७७७ असे पोर्ट ठोठावायचे, आतून येईल ते उत्तर नोंदवायचं. डीव्हीआर बिचारा कंपनीचं नाव सांगून मोकळा होतो. पुढे १२३४५ टाकायला कितीसा वेळ? २०१६ मध्ये मिराई व्हायरसनं असेच कंपनीनं दिलेले मूळचे पासवर्ड वापरून ढिगानं कॅमेरे ताब्यात घेतले होते.

आता तपासणी. कारखान्याच्या वायफायवर 'व्हॉट इज माय आयपी' शोधा, टिंबांचा आकडा लिहून घ्या. मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तोच आकडा ब्राउझरमध्ये टाका. डीव्हीआरचं लॉगिन पान आलं, तर दार उघडं आहे. नाही आलं तरी निश्चिंत होऊ नका. ३७७७७ सारखा पोर्ट ब्राउझरमध्ये दिसत नाही. राउटरमध्ये शिरून 'पोर्ट फॉरवर्डिंग' किंवा 'व्हर्च्युअल सर्व्हर' बघा, डीव्हीआरची नोंद असेल तर उडवा.

यूपीएनपी नावाचं सेटिंग डीव्हीआर आणि राउटर दोन्हीकडे बंद करा. एकीकडे चालू राहिलं की कधीतरी परत डोकं वर काढतं. हे चालू असलं की डीव्हीआर आपणच राउटरला सांगून पोर्ट उघडून घेतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही.

बाहेरून बघायला कंपनीचं क्यूआरवालं ॲप पुरतं. त्यात डीव्हीआर स्वतः बाहेर जोडला जातो, पोर्ट उघडावा लागत नाही. फक्त डीव्हीआरवरच्या त्या क्यूआर स्टिकरचा फोटो ग्रुपवर टाकू नका. फर्मवेअर, म्हणजे डीव्हीआरच्या आतलं सॉफ्टवेअर, तेही अपडेट करा. काही जुन्या फर्मवेअरमध्ये पासवर्डाशिवाय आत जाता येतं, मग पासवर्ड कितीही लांब असू दे.

आमच्या मालकांना मी तेरा अक्षरी पासवर्ड दिला. परवा गेलो, तर त्यांनी तो खडूनं भिंतीवर लिहिलेला, बरोबर तीन नंबरच्या कॅमेऱ्यासमोर.